विसार नंतर द्या

सोलो, बुधवार पोन, १६ एप्रिल

मास दामार,

सलाम. ईद करून तू बालिकपापानला सुखरूप पोचलास हे होणाऱ्या वहिनींच्या, साल्मिया म्बाकच्या निरोपावरून कळलं. स्वतः कळवायचं तू विसरलास. त्याबद्दल रागवायचं काम आईच्या हक्काने इबूंनी स्वतःकडे राखून ठेवलं आहे, म्हणून मी काही बोलत नाही.

तू सांगितलंस त्याप्रमाणे साईट विकत घेऊ पाहणाऱ्या जाकार्ताच्या ‘सातु पेस्ता’ कंपनीतल्या म्बाक फेबींना मी आपल्या ‘रेवांग’ची सगळी माहिती पाठवली. कार्य काढलेल्या घराला मांडववाला, आचारी, नवरीला सजवणारी, गामेलान वाजवणारे एका जागी सापडावेत, एवढीच आपली साईट. पण लिहायला बसले तर चाळीस पानं झाली. दोष आधी लिहिले. ‘मांडव’ शोधलं तर कधीकधी आचारी येतात, हे लिहिलं. सुरो महिन्यात कोणी कार्य काढत नाही, त्यामुळे तेव्हा साईटवर चिटपाखरू फिरकत नाही, हे लिहिलं. म्बाह कार्सो कार्याच्या दिवशी पाऊस अडवतात याचा आपल्याकडे पुरावा नाही, हेही लिहिलं. तू हसशील. पण मी दम्याची पोर म्हणून इबूंनी मला शाळेत घालण्याआधी कितीतरी वर्षं घरीच, जेवायच्या टेबलावर शिकवलं, आणि त्यातला पहिला धडाच हा होता की पपई विकताना किडकी बाजू गिऱ्हाइकाकडे करून धरायची.

अट मात्र एकच घातली आहे, इबूंची आणि माझी. पाच दिवसांचा फेरा राहिला पाहिजे. लेगीला एक मांडववाला वर, पाहिंगला दुसरा, मग पोन, वागे, क्लिवोन, आणि पुन्हा लेगी. जुन्या बाजारांचे दिवस फिरतात तसे. जाहिरातीचे पैसे सगळ्यांचे सारखे, वरची जागा सगळ्यांना सारखी. पैसेवाल्याला कायमची वरची जागा विकत मिळत नाही. पाक सुगितोंसारखा माणूस, ज्याने एकदा विसाराचे आगाऊ पैसे घेतले की डेंग्यूच्या तापातही मांडव उभा राहतो, तो आपल्याकडे टिकला आहे तो या फेऱ्यामुळे. सगळ्यांना मी शब्द दिला आहे, की मालक बदलला तरी फेरा बदलणार नाही.

ऑगस्टमध्ये सालातिगाचं अध्यापक कॉलेज सुरू होतं. मला जायचं आहे. फोन दिवसभर वाजतो, आणि मी झोपेतही गिऱ्हाइकांना “हो बू, बघते बू” म्हणते असं इबू सांगतात. त्यामुळे साईट विकली जावी असं सगळ्यांत जास्त मलाच वाटतं. फक्त अशी विकली जावी, की मला नंतर बाजारातून तोंड लपवून जावं लागू नये.

वेनिंग

ता.क. चाळीस पानांत एक चूक राहिली होती. आज दुरुस्तीपत्र पाठवलं.


बालिकपापान, २१ एप्रिल

दिक वेनिंग,

चाळीस पानं! बाई गं, लोक घर विकताना भिंतीला रंग देतात, तू पोपडे मोजून देतेस. फेबीने मला फोन करून विचारलं, “पाक दामार, तुमच्या बहिणीला खरंच विकायचं आहे ना?” मी म्हटलं, तिची हीच पद्धत आहे, लहानपणी ती खोटं बोलल्याची कबुली खोटं बोलायच्या आधी द्यायची.

चिंता सोड. मी त्यांच्याशी सविस्तर बोललो आहे आणि सगळं मान्य आहे. सह्यांच्या आधी एक महिना ते साईट स्वतः चालवून बघतील, एक मेपासून. तू फक्त चाव्या दे आणि दूर हो. कळलं? दूर. खिडकीतून डोकावायचं पण नाही.

आणि आता माझ्या कार्याकडे लक्ष दे. निकाह इकडे, पंधरा जूनला. सून घरी आणायचं कार्य सोलोत रविवारी, बावीसला. साल्मियाच्या घरचे एकदम रोखठोक. तिच्या मामांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं, “चहा पाणचट झालाय, तू केलास का?” मला हे लोक आवडतात. यांच्या मनात काय आहे ते लगेच कळतं.

मांडव, आचारी, सगळं ‘रेवांग’वरूनच घेऊ. घरचं आहे.

मास दामार


सोलो, गुरुवार क्लिवोन, ८ मे

मास दामार,

तू दूर हो म्हणालास, झाले. पण आज क्लिवोन. म्हणजे पाऊसवाल्यांच्या पानावर म्बाह कार्सो वर असायला हवेत. ते तळाला आहेत, ‘हवामान सेवा’ असं नाव पडलंय त्या पानाचं, आणि त्यांच्या नावापुढे एकच तारा आहे, कारण कुणा बांतुलच्या गिऱ्हाइकाने लिहिलंय की जेवणं झाल्यावर भुरभुर पाऊस आला. जेवणं झाल्यावर, मास! त्यानंतर तर म्बाह घरी गेले होते.

मांडवाच्या पानावर सेमारांगची एक मोठी कंपनी रोज वर आहे. लेगीलाही तीच, पाहिंगलाही तीच. मी फेबींना फोन केला.

“म्बाक, फेरा बंद पडलाय बहुतेक,” मी म्हटलं.

“अगं तो बिघाड होता ना?” त्या म्हणाल्या. “दर पाच दिवसांनी नावं आपोआप वरखाली होत होती. आमच्या मुलांना दोन दिवस लागले शोधायला. दुरुस्त केला.”

“तो बिघाड नाही. माझ्या माहितीपत्रात आहे. सहा पानं आहेत.”

“वाचलं मी. पण वेनिंग, आठवडा सात दिवसांचा असतो.”

त्यांचे स्वतःचे आजोबा आपल्या शेजारच्या क्लातेनचे आहेत. त्यांनीच सांगितलं. आजोबांना विचारा म्हटलं, तर म्हणाल्या ते आता नाहीत.

काल संध्याकाळी पाक सुगितो घरी आले. तळलेली केळी आणली होती. तासभर बसले. इबूंच्या ऑर्किडचं फार कौतुक केलं, पान न् पान पाहिलं, आणि गेले. साईटचं नाव काढलं नाही.

माझं पोट दुखतंय. तू फेबींशी बोल.

वेनिंग


बालिकपापान, १२ मे

दिक वेनिंग,

बोललो. फेबी म्हणते पहिल्या दहा दिवसांत एकही तक्रार आलेली नाही. शून्य. तिने तक्रारीसाठी वेगळा फोन ठेवलाय, तो वाजतच नाही म्हणे, बिघडलाय का ते दोनदा तपासून झालं. तुझ्या हातात साईट होती तेव्हा दिवसाला कितीजण फोन करून रडायचे? आता सगळे गप्प आहेत, याचा अर्थ सुखात आहेत.

आणि पाक सुगितो केळी घेऊन येऊन ऑर्किडचं कौतुक करून गेले, यात पोट दुखण्यासारखं काय आहे? केळी जास्त खाल्लीस का?

महिना संपू दे. सह्या झाल्या की तू मोकळी.

मास दामार


सोलो, शनिवार लेगी, २४ मे

मास दामार,

तुला बालिकपापानला जाऊन किती वर्षं झाली रे? तू सोलोचा आहेस की नाहीस?

पाक सुगितोंनंतर आचारीण बू गिनेम आल्या. गोड चहा घेतला, ऑर्किडचं कौतुक केलं, गेल्या. मग नवरीच्या कपाळावर नक्षी काढणाऱ्या बू तुमिनाह आल्या, सोबत सून. दोघींनी ऑर्किडचं कौतुक केलं. मग गामेलानवाले तिघे एका स्कूटरवर. म्बाह कार्सो तर काल पायी आले. त्यांना नीट दिसतही नाही, तरी ऑर्किडकडे बघत बसले. जाताना एवढंच म्हणाले, “नडुक, तुझी तब्येत बरी आहे ना? लोक म्हणत होते तू फार थकलीस.” म्हणजे साईट मी थकल्यामुळे बिघडली, असं समजून घ्यायची वाट मला काढून दिली त्यांनी. मला रडू आलं, आणि ते खोकल्यात लपवलं.

इबू म्हणाल्या, “एवढं कौतुक माझ्या ऑर्किडचं जन्मात झालं नव्हतं. झाड बिचारं घाबरलंय.”

मास, हीच तक्रार आहे. सगळ्या तक्रारी आमच्या ओटीवर आल्या, आणि फेबी तिकडे न वाजणारा फोन तपासत बसल्यात! पुढच्या वर्षाची जाहिरात पुन्हा द्यायची वेळ सुरोनंतर येते. तेव्हा कोणी भांडणार नाही. कोणी देणारही नाही, बस.

मी फेबींना हे सगळं लिहिलं. उत्तर आलं: “अभिप्रायाबद्दल आभार!” आणि हसरा चेहरा.

तुझ्या कार्यासाठी अजून कोणाला विचारलं नाही मी. लाज वाटते. थोडं थांब.

वेनिंग


बालिकपापान, २७ मे

दिक वेनिंग,

तुझ्या लाजेवर माझं कार्य थांबणार नाही, म्हणून मी स्वतःच सगळ्यांना फोन केले. एका दुपारी काम फत्ते! मांडव पाक सुगितो, जेवण बू गिनेम, साल्मियाची सजावट बू तुमिनाह, पाऊस म्बाह कार्सो. सगळे किती गोड बोलले. “हो मास, का नाही, इन्शाअल्ला, बघू या.” पाक सुगितोंनी तर बालिकपापानचे खेकडे अजून तेवढेच मोठे असतात का, ते विचारलं.

आणि ऐक. मी म्हटलं विसार लगेच पाठवतो. एकानेही घेतला नाही! “नंतर द्या मास, घाई काय, घरचंच तर आहे.” चौघांचं तेच. पाक सुगितोंना मी तरी पाठवला, त्यांनी तो परत पाठवला. मला भरून आलं. साल्मियाला सांगितलं, बघ, ही माझी माणसं, पैशाला हात लावत नाहीत.

तू उगाच राईचा पर्वत करतेस. लोकांच्या मनात काही नाही.

मास दामार


सोलो, बुधवार क्लिवोन, २८ मे

मास दामार,

परत पाठवला?

आलेला विसार परत पाठवला, आणि तुला भरून आलं?

मी हे पत्र तीनदा लिहून खोडलं, कारण मोठ्या भावाशी कसं बोलावं हे मला शिकवलेलं आहे. इबू म्हणाल्या, “लिही. मी आहे.” म्हणून लिहिते.

मास, ते येणार नाहीत. कोणीच येणार नाही. सोलोत नाही कोण म्हणतं? “बघू या” म्हणतात, खेकडे विचारतात, आणि विसार घेत नाहीत. विसार घेतला की तापातही यावं लागतं. म्हणून ज्याला यायचं नसतं तो विसार घेत नाही. ऐन दिवशी पाक सुगितोंच्या मेव्हण्याचं काहीतरी निघेल, बू गिनेमचा गुडघा सुजेल. त्यात ते खोटं बोलणार नाहीत, विसार घेतला नव्हता हेच त्यांचं उत्तर असेल. हे तुला इबूंनी त्याच टेबलावर शिकवलं होतं, मी शेजारी बसून ऐकलं आहे.

कार्य पुढे ढकलता येत नाही. त्याच आठवड्यात सुरो लागतो. पत्रिका वाटून झाल्या. रविवारी, बावीसला, साल्मिया म्बाकचे रोखठोक मामा समुद्र ओलांडून येतील आणि त्यांना दिसेल रिकामं अंगण, आणि मी आणि इबू एका पातेल्याशी.

आता दुसरं. काल फेबींना शेवटचं विचारलं की फेऱ्याची अट मान्य करून तुम्ही ती मोडली कशी. त्यांनी लिहिलं: “अट? तुमचे बंधू एप्रिलमध्येच म्हणाले होते, की फेरा हा आईचा हळवेपणा आहे, काढून टाकला तरी चालेल.”

सगळं मान्य आहे, असं तू मला लिहिलं होतंस. ते कोणाचं सगळं होतं, मास?

मी त्या सगळ्यांना शब्द दिला होता. माझ्या तोंडाने, आपल्या ओटीवर. त्यांना वाटतं मी तो मोडला. आणि तू मोडलास हे मी त्यांना सांगूही शकत नाही, कारण तू माझा भाऊ आहेस.

वेनिंग


सोलो, मंगळवार पोन, १० जून

दिक वेनिंग,

तू सालातिगाला कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत असशील. पेपर लिहून झाल्यावरच वाच. घरात तुझ्याशी बोलायला मला चार दिवस होते, तोंड उघडलं नाही. बकरी ईदचं मटण तू वाढलंस आणि मी मिठाबद्दल बोललो. म्हणून लिहितो.

एप्रिलमध्ये फेबीशी तसं बोललो, हे खरं. ईदला तू नमाजाच्या कपड्यांत, एका हाताने इबूंच्या पाया पडत होतीस आणि दुसऱ्या हातात फोन, “हो बू, बघते बू.” तेव्हाच ठरवलं, ही साईट हिच्या गळ्यातून काढायची. फेऱ्यासकट कोणी घेत नव्हतं. दोन कंपन्यांनी तोंडावर नाही म्हटलं होतं, ते तुला सांगितलं नाही. वाटलं, सुटलीस की तूच म्हणशील बरं झालं. तुझ्यासाठी केलं, असं म्हणून मोकळं होता येत नाही, हे इबूंनी काल मला एका वाक्यात सांगितलं. वाक्य तुला सांगत नाही.

परवा साल्मियाला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग जाऊन माफी माग ना. तोंड आहे ना?” मी म्हटलं, तसं नसतं आमच्याकडे. तर म्हणाली, “मग तुमच्याकडे जसं असतं तसं कर, पण कर.”

काल बातिकचा ठेवणीतला सदरा घालून पाक सुगितोंकडे गेलो. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. त्यांच्या पिंजऱ्यातल्या पारव्याचं कौतुक मी इतका वेळ केलं, की शब्द संपले. गळ्याचा रंग, डोळ्यांचा रंग, आवाज. पारवा तोंडातून आवाज काढायला तयार नव्हता, तरी आवाजाचं केलं. पाक सुगितो ऐकत राहिले. चहा आला. दुसरा चहा आला. मग मी म्हटलं, “पाक, काल साईट जाकार्ताहून परत आणली. आज सकाळी बघितलं, पाहिंगला पाहिंगचाच माणूस वर होता.” एवढंच.

त्यांनी पिंजऱ्यात दाणे टाकले. मग म्हणाले, “हा पारवा पहाटे चांगला बोलतो. उशिरा आलात.”

निघताना तळलेल्या टेम्पेच्या बशीखाली विसाराचं पाकीट ठेवलं. त्यांनी बघितलं. मी फाटकापर्यंत गेलो. मागून हाक येईल म्हणून पाठ ताठ करून चाललो होतो. हाक आली नाही. कोपऱ्यावर वळून पाहिलं, तर बशी उचलून ते आत गेले होते. पाकिटासकट.

बू गिनेमकडे मांजरीचं कौतुक करून झालं. तिथेही पाकीट राहिलं. बू तुमिनाह उद्या. म्बाह कार्सोंकडे काय आहे कौतुक करण्यासारखं? त्यांच्याकडे एक जुनी छत्री तेवढी दिसली, आणि पाऊसवाल्याच्या छत्रीचं कौतुक करावं की नाही ते मला कळेना. लवकर कळव.

मास दामार


सोलो, बुधवार क्लिवोन, २ जुलै

मास दामार, साल्मिया म्बाक,

तुम्ही दोघं पोचल्याचं यावेळी वेळेवर कळवलंत. हे म्बाकचं काम, इबूंना लगेच कळलं.

अंगणात अजून मांडवाची भोकं आहेत. पाक सुगितो म्हणाले आहेत की माती घालायला येतो, आणि खरंच येतील. बू गिनेम विचारत होत्या, की म्बाकच्या मामांनी रस्सा आळणी आहे असं तोंडावर सांगितलं ते नेहमीच असं बोलतात का. पण मीठ घातलं त्यांनी, आणि आता सगळ्यांना सांगत फिरतात की शेवटी एक तरी पाहुणा खरं बोलला. म्बाह कार्सोंच्या पानावरचा तारा मी काढून टाकला. पाऊस आला होता, शेजारच्या गल्लीत. मी तसं साईटवर लिहू का विचारलं, तर म्हणाले, “नको नडुक, शेजारच्या गल्लीला वाईट वाटेल.”

मला सालातिगाहून पत्र आलं. घेतलंय त्यांनी.

म्हणून म्बाक, तुम्ही निघताना जे म्हणालात त्यावर मी रोज विचार करते आहे. बालिकपापानहून ‘रेवांग’चे फोन तुम्ही घ्याल, फेऱ्याला हात लावणार नाही, आणि कोणी भलतंसलतं मागितलं तर सरळ नाही म्हणाल. इबू म्हणतात, “सरळ नाही? सोलोकरांना?” आणि हसत सुटतात. पण मग म्हणाल्या, साईटला आजवर तेवढंच कमी होतं. मी तुमच्यासाठी माहितीपत्र करायला घेतलंय. चाळीस पानांत बसेल असं वाटत नाही.

आता एकच राहिलं. ‘सातु पेस्ता’ सोडत नाही. साईट परत घेतानाच मी म्बाक फेबींना स्पष्ट लिहिलं होतं, की आम्ही विकत नाही. अभिप्रायाबद्दल आभार आले. पुन्हा लिहिलं, कारणं देऊन, नऊ पानं. त्यावर नवा देकार आला, “तुमच्या भावना समजतात” असं म्हणून. तिसऱ्यांदा फक्त ‘नाही’ लिहिलं, एका ओळीत. मला त्या उद्धटपणाने रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्यांनी खात्यात विसारच पाठवून दिला, आणि खाली लिहिलं, “मग नक्की समजू ना?”

मी इबूंना दाखवलं. इबू ऑर्किडला पाणी घालत होत्या. म्हणाल्या, “अगं, मुलीचे आजोबा क्लातेनचे ना? तिला जाकार्ताच्या भाषेत कशाला सांगतेस?”

म्हणून आज सकाळी विसार परत पाठवला, आणि सोबत हे लिहिलं. दोष असल्यास कळव, मास.

“म्बाक फेबी, सलाम. तुमचा लोभ असाच राहो. जाकार्तात उकाडा फार असेल, तब्येतीला जपा. कधी सोलोला आलात तर घरी या, इबूंची ऑर्किडं बघण्यासारखी फुलली आहेत. आमच्या साईटचं म्हणाल, तर बघू या, इन्शाअल्ला. विसार आत्ता नको. नंतर द्या, घाई काय आहे, घरचंच तर आहे.”

दुपारपर्यंत उत्तर आलं नव्हतं. मग फेबींचा फोन आला. मला वाटलं आता ओरडणार.

“वेनिंग,” त्या म्हणाल्या, “माझे आजोबा असंच बोलायचे.”

“हो का, म्बाक?”

“हं,” त्या म्हणाल्या. “ऑर्किडं कुठल्या रंगाची आहेत?”

वेनिंग